दहा तासांचा पाहुणा

जळगाव स्टेशनवर पाठीला बोजा लावून उतरणाऱ्या परक्या माणसाला जळगाव बघायचं नसतं. त्याला अजिंठा बघायचा असतो. लेणी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, सोयगाव तालुक्यात. पण रेल्वेने येणाऱ्याला आमचं स्टेशन सोयीचं, साधारण 60 किलोमीटरवर. पंजाब मेल, विदर्भ, अमरावती एक्सप्रेस अशा मुंबईहून रात्री सुटणाऱ्या गाड्या मध्यरात्र उलटल्यावर इथे येतात, दोन-तीन मिनिटं थांबतात, आणि तेवढ्यात डोळे चोळत चार-सहा जण फलाटावर उतरतात. त्यांचं पुढचं तिकीट बहुधा त्याच रात्रीचं असतं. मधले उजेडाचे काय दहा-बारा तास असतील ते आमच्या हवाली.

मी टुरिस्ट गाडी चालवतो. आधी मालकाची चालवली, आता हप्त्यावरची स्वतःची. गाडी चालवणं हे कामातलं सोपं अंग. अवघड काम असतं ते पहाटे चारला, चहाच्या टपरीपाशी उभं राहून समोरच्याला हे पटवणं की त्याच्या कागदावर लिहिलंय तेवढं होणार नाही.

ठाण्याच्या एक काकू एकदा सून-नातवाबरोबर आल्या होत्या. मुलगा अमेरिकेत, त्याने त्यांना बोटीतून कॅरिबियन समुद्रात फिरवून आणलेलं. वाकोदच्या अलीकडे रस्त्याचं काम चालू होतं, गाडी बैलगाडीच्या चालीने जात होती, तेव्हा त्यांनी कोझुमेल नावाच्या बेटाची गोष्ट काढली. मेक्सिकोचं बेट. सकाळी तीन-चार अवाढव्य जहाजं धक्क्याला लागतात, हजारो माणसं उतरतात, संध्याकाळी सगळी परत जहाजावर. धक्क्याबाहेर टॅक्सीवाले रांगेत उभे. जहाजाचं घड्याळ आणि बेटाचं घड्याळ कधी कधी तासाने वेगळं असतं, ते आधी जुळवून घ्यावं लागतं. जहाज कंपनीच्याच सहलीला गेलात आणि उशीर झाला तर जहाज थांबतं. आपली आपण टॅक्सी केली असेल तर नाही थांबत. मग पुढचं बंदर स्वतःच्या खर्चाने गाठायचं. "लोक धक्क्यावरून जिवाच्या आकांताने पळतात, आणि वरच्या मजल्यावरून बाकीचे प्रवासी टाळ्या पिटतात," काकू म्हणाल्या. नातू हसला. मी हसलो नाही. गाडी सुटायला पाच मिनिटं असताना पूल चढणारे पाहुणे मी पाहिलेत. त्यांच्या बॅगा उचलून मीही पळालोय.

त्या बेटावरचा टॅक्सीवाला तेव्हापासून मला भाऊबंद वाटतो. त्याच्याही पाहुण्याच्या हातात यादी असणार.

यादी कशी असते, सांगतो. सकाळी अजिंठा, दुपारी वेरूळ, वाटेत देवगिरीचा किल्ला, बिबी का मकबरा, रात्री जळगावहून गाडी. मोबाइलवर नकाशा बघून केलेला हिशेब. अजिंठ्याहून संभाजीनगर 100 किलोमीटर, तिथून वेरूळ आणखी 30, आणि मग सगळं उलटं जळगावपर्यंत. भाडं दुप्पट मिळेल म्हणून "हो, करू की" म्हणणारे आमच्यातही आहेत. पाहुणा दिवसभर काचेतून शेतं बघतो आणि दोन्हीकडच्या लेण्यांत मिळून दोन तास काढतो. मी नाही म्हणतो. कधी भाडं दुसऱ्याकडे जातं. जाऊ दे.

वाराचं तर विचारूच नका. अजिंठा सोमवारी बंद. वेरूळ मंगळवारी बंद. इतकी साधी गोष्ट, पण दर थोड्या दिवसांनी कोणीतरी सोमवारी पहाटे उतरतोच. लांबून आलेला, सुट्टी मोजून मिळालेली. त्याला फलाटावरच सांगावं लागतं. माझ्याकडे अशांसाठी ठरलेलं उत्तर आहे: परतीचं तिकीट बदलता येत असेल तर आज वेरूळ करा, संभाजीनगरला मुक्काम करा, उद्या अजिंठा करून जळगावला या. सोमवारी वेरूळ, मंगळवारी अजिंठा, हा क्रम बरोबर बसतो. तिकीट बदलता येत नसेल तर मग जैन हिल्सवरचं गांधीतीर्थ आहे. 2012 साली सुरू झालेलं संग्रहालय, बघायला दोन-अडीच तास सहज जातात. नाइलाजाने तिथे गेलेली माणसं खूश होऊन बाहेर आलेली मी पाहिली आहेत. पण येताना त्यांच्या मनात पहिल्या लेण्यातल्या भिंतीवरचा पद्मपाणी असतो, त्याला पर्याय नाही हे मलाही कळतं.

पहाटे उतरलेल्याला लगेच गाडीत घालू नये, हा माझा दुसरा नियम. तीनला उतरला, साडेचारला निघाला, तर सहाच्या आत फर्दापूर. लेण्यांचं दार उघडतं नऊला. तीन तास तो काय करणार? त्यापेक्षा वेटिंग रूममध्ये किंवा जवळच्या लॉजमध्ये दोन तास पाठ टेकावी, अंघोळ करावी, पोहे खाऊन सातच्या सुमारास निघावं. एकटा आणि बेताच्या पैशांचा असेल तर मी त्याला सरळ एसटी स्टँडचा रस्ता दाखवतो. संभाजीनगरकडे जाणाऱ्या गाड्या फर्दापूरवरूनच जातात. टी-पॉइंटला उतरवा म्हणून कंडक्टरला सांगायचं. 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, तसे महिलांचे गटही एसटीने यायला लागलेत. आमच्या स्टँडवरचा एक जण मला म्हणतो, "भो, तू धंदा करतो का एसटीचा प्रचार?" पण एसटीने गेलेला माणूस पुढच्या वर्षी आई-वडिलांना घेऊन येतो तेव्हा फोन मलाच करतो.

नेरी, पहूर, वाकोद, फर्दापूर. या रस्त्यावर काय बघायचं असं विचारलं तर ऋतू सांगावा लागतो. दिवाळीनंतर दोन्ही बाजूंना कपाशी फुटलेली, आणि रस्त्यावर कापसाने फुगलेले ट्रॅक्टर, ज्यांच्या मागे अर्धा-अर्धा तास जातो. मे महिन्यात काहीच नाही, नुसतं ऊन. आमच्याकडे पारा 45 च्या वर जातो. एप्रिल-मेमध्ये कोणी फोन करून विचारलं की मी येऊच नका म्हणतो. ऐकत नाहीत ते येतात, टोपी विसरतात. केळीच्या बागा बघायच्या असतात पुष्कळांना, कारण जळगावची केळी त्यांनी ऐकलेली असते. ती दाट केळी तापीपलीकडे, रावेर-यावल-सावद्याच्या पट्ट्यात. अजिंठ्याच्या वाटेवर तसला नजारा नाही. पहूरला पाचोरा-जामनेरची छोटी गाडी यायची, तिच्यासाठी काही इंग्रज पाहुणे मुद्दाम थांबायचे. कोविडच्या वेळी ती बंद झाली, आता मोठी लाइन टाकायचं काम आहे.

फर्दापूरच्या टी-पॉइंटला माझी गाडी थांबते. पुढचे चार किलोमीटर एसटीच्या बसने, खासगी गाडी नेता येत नाही. बसपर्यंत जायला दुकानांच्या रांगेतून जावं लागतं आणि इथे पाहुणा पहिल्यांदा गांगरतो. एक पोरगा चालता चालता हातात छोटा चमकता खडा ठेवतो. "गिफ्ट, गिफ्ट. परत येताना माझं दुकान बघा." खडा घेतलात की परत येताना तो तुमचं नाव घेऊन हाक मारणार. मी सांगतो, घ्यायचं नसेल तर हात खिशात ठेवा, रागावू नका. पोरं वाईट नाहीत, सीझनच्या चार महिन्यांवर त्यांचं वर्ष निघतं. आणि घ्यायचं असेल तर हेही ऐका: हे खडे फालतू नाहीत. आमच्या काळ्या कातळाच्या पोकळ्यांत स्फटिक तयार होतात. जळगावचं अपोफिलाइट, स्टिल्बाइट जगभरच्या खनिज जमवणाऱ्यांना माहीत आहे. एका जर्मन म्हाताऱ्याला लेण्यांपेक्षा तेच हवं होतं. तो भिंग घेऊन दुकानात बसला आणि मी बाहेर दोन चहा प्यायलो. मात्र भडक गुलाबी-निळा दिसला की तो रंगवलेला समजावा.

कमिशनचं विचाराल तर, दुकानवाले देतात. जेवणाच्या हॉटेलात ड्रायव्हरचं जेवण फुकट असतं. पाहुण्याने विचारलं तर मी लपवत नाही. फक्त एक पाळतो: जाताना कुठल्याच दुकानात थांबवत नाही. सकाळचा अर्धा तास लेण्यांचा आहे, तो विकायचा नाही.

आता लेणी. गाइडचं काम मी करत नाही. त्यासाठी सरकारमान्य गाइड तिथे आहेत, शिकलेले आहेत, त्यांच्या पोटावर पाय कशाला आणायचा. पण एवढ्या वर्षांत वर गेलोय पुष्कळदा, आणि तास मोजून आलेल्याला काय सांगावं हे बघून-बघून कळलंय.

लेणी आहेत 30, वाघूर नदीच्या वळणावर नालाच्या आकारात. सगळी बघायची नाहीत. वेळ तीन तास असेल तर 1, 2, 10, 16, 17, 19 आणि 26. बस. नऊच्या ठोक्याला पोचलात तर पहिल्यापासून सुरुवात करा. दहानंतर पोचलात तर पहिल्या लेण्यासमोर शाळांच्या सहलींची रांग असते, आत ठरावीक माणसंच सोडतात. तेव्हा सरळ शेवटाकडे चालत जा, 26 पासून उलटे या. तिथला निजलेला बुद्ध सात मीटरहून लांब आहे, आणि सकाळी त्याच्यापाशी गर्दी नसते. वाटेत 24 वं अर्धवट सोडलेलं आहे. ते पाच मिनिटं बघाच, कारण कातळ कसा फोडत गेले हे पूर्ण झालेल्या लेण्यात दिसत नाही, इथे दिसतं.

बूट बिनलेसचे घाला. चित्रांच्या लेण्यांत शिरताना प्रत्येक वेळी काढावे लागतात. लेस बांधण्या-सोडण्यातच माणूस कंटाळतो. सोबत मोजे ठेवा, दुपारी फरशी पोळते. फ्लॅश चालत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, आत गेल्यावर काही करू नका. नुसते उभे राहा. बाहेरच्या उन्हातून आलेल्याला पहिल्या लेण्यात काळोखाशिवाय काही दिसत नाही. लोक आत येतात, मोबाइल वर करतात, "काहीच नाही यार" म्हणतात आणि निघतात. दोन-तीन मिनिटं थांबलं की आधी खांब दिसतात. मग मागच्या भिंतीवर एक फिकट पट्टा. मग त्यात एक झुकलेली मान, खाली वळलेले डोळे, बोटांत निळं कमळ. ते एकदम दिसत नाही, वर येतं. एक जपानी बाई तिथे पहारेकऱ्याने सांगेपर्यंत हलली नव्हती. बाहेर आल्यावर तिच्या गाइडने मला सांगितलं, त्यांच्याकडे होर्युजी मंदिरात अशाच धर्तीची भित्तिचित्रं होती, ती 1949 साली आगीत जळाली. लहानपणी आजीकडून ऐकलेलं तिला इथे दिसलं म्हणे.

दहाव्या लेण्यात पोरांना एक गंमत दाखवावी. 28 एप्रिल 1819 ला जॉन स्मिथ नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी शिकारीच्या नादात इथे आला आणि खांबावर स्वतःचं नाव कोरून गेला. ते डोक्याच्या बरंच वर आहे. स्मिथ काही ताडमाड नव्हता; तेव्हा लेणं गाळमातीने भरलेलं होतं, तो त्या ढिगाऱ्यावर उभा होता. हे सांगितलं की पोरं खांब बघतात, मग जमीन बघतात. आणि हेही सांगावं लागतं की त्याने कोरलं म्हणून तुम्ही कोरू नका.

मराठी पाहुण्यांचा एक ठरलेला प्रश्न असतो: पारोची कबर कुठे? ना. धों. महानोर याच मुलखातले, पळसखेडचे. त्यांच्या काव्यावरून 2012 साली नितीन देसाईंनी 'अजिंठा' सिनेमा काढला, तेव्हापासून तर फारच विचारतात. मेजर रॉबर्ट गिल 1844 साली या चित्रांच्या नकला करायला आला. वर्षानुवर्षं भिंतीसमोर बसून मोठमोठ्या कॅनव्हासवर रंगवलं. त्याची इथली सोबतीण पारो 1856 साली गेली; तिची कबर घाट चढून गेल्यावर अजिंठा गावात आहे. गिलच्या नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावल्या होत्या, त्यातल्या जवळपास सगळ्या 1866 च्या आगीत खाक झाल्या. माणूस पुन्हा कामाला लागला. 1879 साली वारला आणि पुरला गेला तो भुसावळला. दोघांच्या कबरींमध्ये आमचा आख्खा रस्ता आहे. एका दिवसात लेणी आणि पारो जमते, लेणी आणि गिलही जमतो, विशेषतः रात्रीची गाडी भुसावळहून असेल तर. तिन्ही करायला निघालात तर लेण्यांतला वेळ जातो. मी मग विचारतो, तुम्हाला चित्रं बघायचीत की गोष्ट?

धुळ्याचं भाडं वेगळ्या जातीचं असतं. मुंबई-आग्रा रस्त्याने इंदूरचे मराठी लोक येतात, धुळ्यात चार तास काढून इकडे अजिंठ्याकडे वळतात. असे एक निवृत्त प्राध्यापक मला फोनवर म्हणाले, लळिंगचा किल्ला, राजवाडे संशोधन मंडळ, समर्थ वाग्देवता मंदिर, सगळं दुपारपर्यंत. मी म्हटलं, सर, किल्ला सोडा. इतिहासाचार्य राजवाडे 1926 च्या अखेरीस धुळ्यातच गेले, त्यांनी जमवलेले कागद सांभाळायला लगेच 1927 मध्ये मंडळ निघालं. शंकरराव देवांनी उभ्या केलेल्या वाग्देवता मंदिरात रामदासी बाडं आहेत. कागद बघणाऱ्याला घाई चालत नाही, आणि जाण्याआधी फोन करून जावं लागतं. धुळ्यात पत्ता सापडणं मात्र सोपं. ब्रिग्ज या इंग्रज अधिकाऱ्याने 1818 नंतर वसवलेल्या पेठेत गल्ल्या सरळ आहेत, त्यांना नंबर आहेत. सर किल्ला न बघता गेले. रागावले नाहीत.

परतीचा हिशेब मी उलटा मांडतो. गाडी रात्री नऊची असेल तर साडेचारला टी-पॉइंट सोडायचा. पहूरला बाजार असू शकतो, रस्त्यात ट्रक आडवा असू शकतो, पाहुण्याला दुकानातला तो पोरगा गाठू शकतो. जळगावात गाडी दोन-तीन मिनिटंच थांबते, म्हणून डबा कुठे लागतो ते आधी बघून सामानासकट तिथेच उभं राहायचं. गाडी चुकली तर नागपूरकडे जाणारे म्हणतात, भुसावळला ती जास्त थांबते ना, चला पाठलाग करू. 25 किलोमीटर, रात्र, हायवेवर कंटेनर. मी चावी खिशात ठेवतो. पुढची गाडी बघून देतो, पाठलाग करत नाही.

वेळेत पोचलो तर मधले दोन-तीन तास खास आमचे. तेव्हा मी पाहुण्याला जेवायला नेतो. हिवाळा असेल तर भरीत. वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची, लाकडी बडगीत हिरव्या मिरचीसकट ठेचायची, वर शेंगदाण्याचं तेल आणि कांद्याची पात. भरताच्या वांग्याला जळगावच्या नावाने भौगोलिक मानांकन आहे, पण ते कागद न बघताही पहिल्या घासाला कळतं. कळण्याची भाकरी सोबत. शेवभाजी परदेशी माणसाला सांगायची तर आधी हॉटेलवाल्याच्या कानात "फिकी" म्हणायचं, आणि तरी रश्शावरची तर्री चमच्याने बाजूला काढायची. मुंबई-पुण्याच्यांनाही हे लागू. ते फक्त कबूल करत नाहीत.

एक गोष्ट मात्र इतक्या वर्षांत मला कुठल्याच पाहुण्याला धड सांगता आलेली नाही. गाडीतल्या बायका पहिला प्रश्न लेण्यांचा विचारत नाहीत. नेरी मागे पडलं की मागच्या सीटवरून हळू आवाजात विचारतात, "दादा, वाटेत कुठे सोय आहे का हो?" मी सांगतो, आता नको, फर्दापूरला जा. म्हणजे जळगाव सोडल्यापासून दीड तास. कितीतरी जणी म्हणूनच सकाळी पाणी पीत नाहीत, आणि मग त्या उन्हात पायऱ्या चढतात. डोक्यात कळ येऊन बसलेल्यांना मी वरून खाली आणलंय. तेव्हा या रस्त्यावर हॉटेल-ढाबा चालवणाऱ्या भावांनो, तुमच्याकडे जागा आहे, बोअर आहे, गिऱ्हाईक आहे. बायकांसाठी वेगळा एक संडास बांधा. आत दिवा, नळाला पाणी आणि दाराला आतून लागणारी कडी, एवढंच पाहिजे. माणशी दहा रुपये घ्या, पाहुणे खुशीने देतील. ज्याच्याकडे हे असेल त्याच्याकडे मी माझी प्रत्येक गाडी थांबवीन, आणि कमिशन मागणार नाही.